कावळ्याच्या आधी

आमच्या ह्यांनी मंडईत जमिनीवर पडलेला अर्धा पेरू उचलून खाल्ला, त्या दिवशी मला कळलं की आता हे प्रकरण घरात झाकून राहणार नाही. पेरू कुणीतरी चावून टाकलेला होता. दात उमटलेले दिसत होते त्यावर. बाजूला कोबीची सडकी पानं, त्यांतून लोक चालत होते. मी मेथी बघत होते. मागे वळले तर हे मचमच करत उभे, हनुवटीवर बिया. भाजीवाली म्हणाली, "आजी, आजोबांना भूक लागलीय वाटतं." मी त्यांच्या तोंडात बोट घालून तो पेरू काढायला गेले तर त्यांनी माझं बोट चावलं. शी! भर मंडईत, मेथीच्या ढिगाशेजारी, मला ओकारी आली. लोकांनी मलाच पाणी दिलं. ह्यांनी तोवर पेरू संपवला.

हा माणूस कोण, ते सांगायला हवं. ह्यांनी सगळं आयुष्य लोकांच्या जेवणावर मतं देण्यात घालवलं. सरकारी कचेरीत अधिकारी होते, पण खरं खातं त्यांचं हेच. लग्नाहून परत येताना रिक्षात बसलं की सुरू: "पाहिलंस ते ताट? वरण कुठे, भाजी कुठे, श्रीखंड कुठे! आणि बोटं चाटत होता तो माणूस. चारचौघांत!" आमच्या घरात मुलाला कुणी गाढव म्हटलं तर चालायचं. हावरट म्हटलं की तो रडायचाच. कारण त्याहून वाईट शिवी आमच्याकडे नव्हती. स्वतः हे दोन पोळ्या, वाटीभर वरण, मूदभर भात एवढ्यावर उठायचे. कुणी आग्रह केला की पानावर आडवा हात धरायचे, आणि तो हात असा काही धरायचे की वाढणाऱ्यालाच आपण काहीतरी अश्लील बोललो असं वाटावं.

मी यवतमाळची. आमच्याकडे पाहुणा 'पुरे' म्हणाला की तिथून पुढे वाढायला सुरुवात होते. लग्न होऊन पुण्यात आले, पहिल्याच आठवड्यात सासूबाई पोळीची दुरडी घेऊन माझ्यापुढे आल्या आणि म्हणाल्या, "अर्धी देऊ?" अर्धी! मला वाटलं, पोळ्या कमी पडल्या असतील. कसल्या कमी पडतायत, दुरडीत चांगली चळत होती. पण समोर हे बसलेले, सासरे बसलेले, सगळ्यांचे डोळे माझ्या पानाकडे. मी म्हणाले, "नको, झालं." पोटात नुसता खड्डा पडलेला. कित्येक महिने मी तशीच उठत होते आणि दुपारी सगळे आडवे झाले की गूळ-दाणे खात होते. मग हळूहळू खरंच अर्धी पुरायला लागली. मला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं, उगाच आळ घेणार नाही. वळण लावलं. पोटालाही वळण लागतं, हे मी स्वतःच्या पोटावरून सांगते. भूक ही आपली आपल्यापाशी असते असं मला माहेरी वाटायचं. इथे आल्यावर कळलं की ती चार लोकांत असते.

आणि ज्या माणसासमोर मी हे सगळं शिकले, तो माणूस सत्तरी ओलांडल्यावर मंडईत लोकांचं उष्टं उचलून खायला लागला. हसावं की रडावं, काय बोलणार कप्पाळ.

आम्ही बिबवेवाडीत राहतो. मुलगा आयटीत, तिकडे हिंजवडीकडे. मंडईच्या प्रकारानंतर तो आम्हाला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण मुलगी होती, शांत बोलणारी. तिने ह्यांच्या मेंदूचे फोटो काढवले, उजेडात धरून दाखवले आणि म्हणाली, "आजी, हा पुढचा भाग आकसत चाललाय. पोट भरलं की पोट सांगतं, भरलं म्हणून. ते ऐकणारं जे कुणी असतं, ते इथे राहत नाही आता." मी विचारलं, "आणि किळस? ती पण येत नाही ह्यांना." ती म्हणाली, "तीही साधारण याच भागातली. किळस, लाज, थांबणं." मी त्या फोटोकडे बघत राहिले. करडं, सुरकुतलेलं, अक्रोडाएवढं काहीतरी. म्हणजे तो आडवा हात, ते रिक्षातले शेरे, मुलाला रडवणारा तो शब्द, माझी अर्धी पोळी, हे सगळं त्या एवढ्याशा ठिकाणी होतं? आणि आम्ही त्याला संस्कार म्हणत होतो! मला आधी हसू आलं आणि मग फार राग आला. औषध विचारलं तर ती म्हणाली, "यावर थेट औषध नाही. खायचं समोर ठेवू नका. कुलपात ठेवा. आणि मोठे घास देऊ नका, घशात अडकेल."

मग आमचं घर कुलपांचं झालं. फ्रिजला साखळी, फळीला कडी, पिठाचा डबा माझ्या कपाटात साड्यांखाली. तरी हे काय काय खायचे! भिजवलेली कणीक कच्ची खाल्ली. देवापुढच्या वातीचं तूप बोटाने निपटून खाल्लं. आंघोळीच्या साबणाला दात लावलेले मला एकदा सापडले. जिन्यातल्या शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या बादलीतून कोंबडीची हाडं काढून चोखत बसले होते. ज्या माणसाने अंड्याच्या वासाने लोकांकडे जाणं सोडलं होतं, तो! शेजारीण नाकाला पदर लावून मला बोलवायला आली, आणि त्या पदराआडून ती माझ्याकडे अशी बघत होती की हाडं मीच चोखली असावीत. एकदा अति झालं, उलटी झाली. मी फडकं आणायला गेले. परत आले तर फरशीवर ओणवे होऊन... जाऊ दे. लिहितानासुद्धा मला मळमळतंय.

माणसं म्हणतात, सेवा करताना घाण वाटत नाही. कोण म्हणतं हो? त्यांना एकदा आमच्याकडे जेवायला बसवलं पाहिजे. मी ह्यांची लघवी काढली, शी काढली, त्याचं काही वाटलं नाही मला. पण ते तोंड! सतत हलणारं, ओलं, चकाकणारं तोंड आणि त्याच्यावरचे ते दोन डोळे, माझ्या हातात काही आहे का तेवढंच बघणारे. त्या डोळ्यांना मी दिसतच नव्हते. मी म्हणजे एक हात आणि हातात वाटी.

आणि मला अन्न जाईनासं झालं. ताट पुढे घेतलं की ते तोंड आठवायचं. ते आठवायची तरी काय गरज, समोरच असायचं. मी मोरीत उभी राहून, दार लावून चहा-बिस्किट खायचे, तेही अर्धं बेसिनमध्ये जायचं. पोलकी खांद्यावरून घसरायला लागली. पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्याऐवजी मलाच वजनकाट्यावर उभं केलं आणि मुलाला सरळ म्हणाल्या, "बाबा आहेत तसे राहतील. आई राहणार नाहीत. आधी यांच्या पोटात काहीतरी जायला हवं." मुलाचा चेहरा पडला. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "आई, प्लीज, आता प्रॅक्टिकल हो. आळंदी रोडला एक चांगली जागा आहे. चोवीस तास स्टाफ आहे, किचन लॉक्ड असतं. बाबांना तिथे ठेवू." त्याला वाटलं होतं मी रडेन, नाही म्हणेन, तो मला समजावेल. मी लगेच "हो" म्हणाले. तो दचकलाच.

अडचण आली ती ह्यांच्या बहिणीची. माझी नणंद विश्रांतवाडीला मुलाकडे असते. तिचे यजमान जाऊन तेव्हा वर्ष व्हायला आलं होतं. ती आली, भावाला जवळ घेतलं, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "वहिनी, थकला असाल तर तसं सांगा."

मी म्हणाले, "वन्सं, थकले नाही. मला किळस येते."

"कुणाची?"

"तुमच्या भावाची."

बाई गं! मी कुणाचा खून केला असता तरी त्यांनी मला समजून घेतलं असतं. थकलं तर चालतं, गुडघे दुखले तर चालतं, बीपी तर सगळ्यांत उत्तम. नवऱ्याची किळस मात्र यायची नाही. आली तर सांगायची नाही. वन्सं म्हणाल्या, "दादा हावरट? आमचा दादा? अहो, तुम्ही त्याला पोटभर घालतच नसाल. फ्रिजला साखळ्या बांधून ठेवल्यात! माणूस उपाशी राहिला की असाच करणार. मी नेते त्याला. पोटभर जेवू घालते. बघा कसा शांत होतो ते." मुलगा मध्ये पडला, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना काय कळतंय मायेचं." जातानाही त्यांनी ऐकवलंच, "आणि तिकडे आश्रमात टाकायचं नाव काढलंत तर आपला संबंध संपला." मी म्हणाले, "न्या. साबण उंचावर ठेवा."

ह्यांना त्या घेऊन गेल्या. मी एकटीच घरात होते, तरी घास उतरेना. घरभर त्यांचा वास होता, आणि मनात सारखं, आता फोन येईल, आता येईल. फोन यायचा, पण विजयाचा. "आज पुरणपोळ्या खाल्ल्यान. किती दिवसांनी मिळाल्या म्हणाला." ह्यांनी कित्येक महिन्यांत अख्खं वाक्य उच्चारलं नव्हतं. पण म्हटलं, असेल.

तिकडेच वन्संच्या यजमानांचं वर्षश्राद्ध आलं. मी गेले. दारातच ह्यांना पाहिलं. चेहरा सुजलेला, शर्टाची बटणं पोटावर लागत नव्हती, आणि गळ्याभोवती लहान मुलाला बांधतात तसा पंचा. वन्संचे डोळे खोल गेलेले, हाताला फडकं गुंडाळलेलं. मी त्या हाताकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "पोळी भाजताना लागलं." माझ्या बोटावरही तसलीच खूण होती.

स्वयंपाक सोवळ्यात झाला होता. वडे, खीर, कढी, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. घरभर तुपाचा वास. ह्यांना आतल्या खोलीत बसवून दाराला बाहेरून कडी घातली होती, हेही मी बघितलं. माया कडी घालून बसली होती तर! गुरुजींनी कावळ्याचं पान वाढायला सांगितलं. वन्संचा मुलगा ते पान घेऊन गच्चीवर गेला. कावळा शिवेपर्यंत कुणी जेवायचं नाही. पण तिथल्या त्या उंच इमारतींत कावळे येतात कुठले? पारवे येतात. मुलगा वर उभा राहून पारवे हाकलत होता. खाली आम्ही सगळी भुकेली माणसं, एकमेकांना सांगत होतो, "येईल, येईल. भाऊजींना घाई कधीच नव्हती." कुणीतरी आत पाणी प्यायला गेलं आणि बाहेर येताना ती कडी लावायची राहिली.

मला आधी कळलं. आल्यापासून दाराआडून येत होतं ते चघळणं कानावर येईना. खोलीत बघते तर रिकामी. मी जिना चढायला लागले, मागून वन्सं, मागून बाकीचे. गच्चीवर वन्संचा मुलगा पाठमोरा उभा राहून ऑफिसच्या फोनवर बोलत होता, "येस, येस, बाय इव्हनिंग." आणि त्याच्या मागे, कठड्याशी, हे मांडी घालून पानावर बसले होते. दोन्ही हातांनी खात होते. खीर कोपरापर्यंत ओघळली होती. वडा तोंडात, भात तोंडात, काळे तीळ मिशीला. पाण्याच्या टाकीवर एक कावळा, अखेर आलेला, मान वाकडी करून ह्यांच्याकडे बघत बसला होता.

"दादा! ते ह्यांचं होतं!" वन्संनी अशी काही किंकाळी फोडली की कावळासुद्धा उडाला.

मग जे सुरू झालं! मेलेल्याचं पान जिवंत माणसाने खाल्लं, आता काय करायचं? एक म्हणे, वर्षभर घरात काही शुभ करायचं नाही. दुसऱ्या बाई म्हणाल्या, बाकीचा स्वयंपाकही आता चालणार नाही. गुरुजी बिचारे म्हणाले, "अहो, दुसरं पान वाढा. नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववू." पण त्यांचं कोण ऐकतंय. सगळे ह्यांच्यापासून लांब सरकले होते. भिंतीला टेकून उभे होते, नाकाला पदर, रुमाल. वन्सं, ज्यांनी माझ्यासमोर त्या तोंडावरून पदर फिरवला होता, त्या दोन्ही हात अंगापासून लांब धरून म्हणत होत्या, "अंगावर काटा आलाय माझ्या. बघवत नाही मला त्याच्याकडे. किळस आली हो वहिनी, किळस!"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतके दिवस ह्यांनी त्यांच्या घरात काय काय खाल्लं असेल, ते त्यांच्या हाताच्या फडक्यावरून मला दिसत होतं. तेव्हा किळस नाही आली. आणि आता आली ती कशाची? सोवळ्यात केलेल्या, गरम, साजूक तुपातल्या वड्यांची! खरं बोलायचं तर वर्षभरात ह्यांच्या पोटात गेलेलं सगळ्यांत स्वच्छ अन्न ते होतं. मी जर तेव्हा तोंड उघडलं असतं तर फार वाईट बोलले असते. मला त्या गच्चीवरच्या प्रत्येक माणसाची शिसारी आली. भुकेने व्याकूळ होऊन, मेलेल्या माणसाच्या नावाने एका पक्ष्याची वाट बघणारी ही शहाणी माणसं, आणि ज्याला फक्त भूक उरलीय तो एक माणूस, त्यांच्या मधोमध खीर निपटत बसलेला.

ह्यांना कुणी हात लावेना. मीच धरून उठवलं, गच्चीच्या नळावर नेलं, तोंड धुतलं, मिशीतले तीळ काढले. त्यांना माझी बोटं चावायची होती. वन्सं लांबूनच म्हणाल्या, "वहिनी, ठेवा त्याला तिकडे. उद्याच ठेवा. माझं काही म्हणणं नाही."

"बरं," मी म्हणाले. "संबंधाचं काय ठरलं?"

त्या जिन्याकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने गाडी आणली. ती जागा बरी होती. फरशी स्वच्छ, अंगणात खुर्च्या, स्वयंपाकघराला जाळीचं दार आणि त्याला कुलूप. तिथल्या मावशींनी मला विचारलं, "आजोबांना खायला काय आवडतं?" मी सांगायला लागले: तोंडल्याची भाजी, पण काचऱ्या पातळ, वरण बिनफोडणीचं, ताक शेवटी... आणि मध्येच थांबले. कुणाबद्दल सांगत होते मी? म्हटलं, "काहीही द्या. थोडं थोडं द्या." मावशींनी मान डोलावली. त्यांना काही नवीन नव्हतं ते. इतक्यात आतून नाश्त्याच्या गाडीचा आवाज आला आणि हे ताडकन वळले. मी म्हणाले, "अहो, येते हं मी." हे चालूही लागले होते. त्या गाडीच्या मागे, घाईघाईने, एका हाताने सैल पायजमा धरून.

मुलाने मला घरी सोडलं. त्याची मीटिंग होती. "आई, एकटी राहशील ना? काहीतरी खाऊन घे," म्हणाला आणि गेला. मला वाटत होतं की दार लावलं की मी भिंतीला टेकून रडणार. तेवढ्यासाठी मी नवा रुमालही घेतला होता हातात. दार लावलं. घर शांत होतं. कुठे चघळणं नाही, काही नाही.

आणि मला भूक लागली. लागली म्हणजे काय, अंगावर आली! मी फ्रिजची साखळी सोडली, साड्यांखालून पिठाचा डबा काढला. ज्वारीचं पीठ परातीत घेतलं, मिरच्या भाजल्या, दाणे-लसूण घालून ठेचा केला, तेल ओतलं त्यावर चांगलं. पहिली भाकरी तव्यावरून उतरली तशी उभ्याउभ्याच खाल्ली, ताटसुद्धा घेतलं नाही. बोटं भाजली. नाकातून, डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटाचं होतं, उगाच दुसरं काही सांगणार नाही. दुसरी खाल्ली. दही दिसलं, ते भांड्यातूनच खाल्लं. इतकं गोड लागत होतं सगळं की मला त्याची लाज वाटत होती. माझं माणूस तिकडे सोडून येऊन तासही झाला नव्हता. आणि हे पोट, कशाचं काही सुतक नसलेलं, आणखी आण म्हणत होतं.

"शी, काय बाई आहेस तू," मी मोठ्याने म्हणाले. तोंड भरलेलं होतं, त्यामुळे ते माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. मग मी पुढची भाकरी थापायला घेतली.